देवबापाशी बोलणारी आजी

श्रीरामपूरहून संगमनेरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती आजी रोज ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर असायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस, मांडीवर शेवग्याच्या शेंगांची पिशवी. बसमध्ये कुणी पोरगी "ओ माय गॉड!" म्हणाली, की आजी छताकडे बघून हात हलवायची. "काय न्हाई देवबापा, हिचं चार्जर घरी ऱ्हायलं. तू कर तुजं काम."

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि देव मानत नाही. एकदा तिच्याशेजारी जागा मिळाली, तेव्हा कुणी न विचारता ज्ञान पाजळलं. "आजी, इंग्रजीत जागोजागी तुमचा देव लपलाय. हॉलिडे म्हणजे मुळात पवित्र दिवस. गुडबाय म्हणजे देव तुमच्यासोबत राहो. बोलणाऱ्यांना पत्ताच नाही!"

"आन् तुमी मानता का त्याला?"

"छे! मी नुसतं शिकवतो."

आजी खो खो हसली. "म्हंजी तुमी बिनझग्याचे फादरच की!"

मला राग आला. माझा थांबा आला तसा उठलो, आणि सवयीनं तोंडातून "गुडबाय" निघून गेलं. मी जीभ चावेपर्यंत आजीची मान वर गेली होती.

"देवबापा, ह्ये सर तुला माज्यासंगं ऱ्हा म्हनत्यात. माजं भागतंय रं. तू उतर त्येंच्यासंगं."

मी तणतणत उतरलो. कंडक्टरनं मात्र दार जरा वेळ उघडंच धरलं, आणि मगच घंटी मारली.