जसूच्या पायांचा नवस

जमना फुई बोलायला लागली की गोठ्यातले बैलसुद्धा रवंथ करायचे थांबतात, असे गावात म्हणत. म्हणत ते तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. फुई म्हणजे आत्या. खरी आत्या ती फक्त भाऊ चुनीलालच्या लेकीची, पण शहाद्याच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या तापीकाठच्या गावात लहानथोर सगळे तिला फुईच म्हणायचे. उंच, हाडापेराने दणकट बाई. तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. शिव्या देत देत ताटात दुसरी भाकरी वाढणारी.

सव्विसाव्या वर्षी ती विधवा होऊन भावाच्या घरी आली, ती इथलीच झाली. येण्याआधी तिचा एक मुलगा गेला होता. मगन त्याचे नाव, चार वर्षांचा. तापाने फणफणला तेव्हा तिने सारंगखेड्याच्या दत्ताला नवस बोलला. पोर उठून बसले, घर आनंदले, आणि कापसाच्या वेचणीत जत्रेला जायचे राहून गेले. पुढच्या पावसाळ्यात ताप परत आला आणि मगनला घेऊन गेला. 'नवस बुडवला म्हणून नातू गेला,' असे सासू बोलली, एकदाच. पण काही बोलणी एकदाच बोलली तरी जन्माला पुरतात. फुईने ते कुणाजवळ काढले नाही आणि विसरलीही नाही.

म्हणून जसूचे दुखणे निघाले तेव्हा घरात सगळ्यांत जास्त ती भ्याली, आणि सगळ्यांत जास्त ओरडली ती तीच.

जसोदा, म्हणजे जसू, चुनीलाल आणि रंजनाबाईची एकुलती लेक. सहा वर्षांची, पण दिसायला चारची. अंगणातून ओट्यापर्यंत आली तरी धाप लागे. बारा महिने खोकला. शहाद्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि म्हणाले, "काळजाजवळची एक नळी जन्मल्यावर मिटायला हवी, ती हिची उघडीच राहिलीय. मुंबईला आता ऑपरेशन करून ती बांधतात. न्या." ही गोष्ट एकोणीसशे त्रेसष्टची. काळजापाशी सुरी लावून माणूस जिवंत राहतो, हे गावात कुणाला पटेना. फुईलाही पटले नव्हते. पण चुनीलाल डगमगायला लागला तेव्हा तिनेच त्याच्या पिशवीत दशम्या कोंबल्या आणि त्याला गाडीत बसवले.

नवराबायको लेकीला घेऊन नंदुरबारहून सुरतेच्या गाडीने गेले आणि पाच आठवडे मुंबईला राहिले. इकडे केळीच्या बागेचे पाणी, म्हशी, मजूर, सगळे फुईने ओढले. ऑपरेशनचा दिवस पत्राने कळला होता. त्या सकाळी तिने चूल पेटवली नाही. सारंगखेड्याकडे तोंड करून ती अंगणात उभी राहिली आणि शेजारच्या मीनाबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "दत्ता, मन्ही जसूले जीतं घर येऊ दे. तुन्ही जत्रामा तिन्ही गुळनी तुला करसू. तवलगून तिना पाय भुईले लागू देणार नही."

जत्रेपर्यंत पाय भुईला लागू न देण्याचे ते शेवटचे वाक्य तिने आयत्या वेळी जोडले. पोरीच्या वजनाच्या नुसत्या गुळाने दत्त ऐकेल की नाही, याची तिला खात्री नव्हती. तिसऱ्या दिवशी तार आली. पितांबर गुरुजींनी ती वाचली: ऑपरेशन झाले, पोर ठीक. फुईने गुरुजींना बसवून शिरा खायला घातला आणि मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्याशी डोके लावून रडली.

श्रावण सरता सरता जसू परतली. शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर फुई दोन तास आधीच जाऊन उभी. रंजनाबाईने लेकीला मोटारीच्या पायरीवरून खाली ठेवायला वाकावे, तोच फुईने मधल्यामध्ये पोर उचलली. डाव्या खाकेखालून पाठीपर्यंत गेलेला टाक्यांचा व्रण झग्यातून तिच्या हाताला लागला. तिने तिथला हात काढला आणि पोर दुसऱ्या बाजूला घेतली.

"बैन, डॉक्टरनी सांगेल शे," चुनीलाल वाटेत म्हणाला, "एक महिनानंतर पोरले चालू द्या, खेळू द्या."

"डॉक्टरनं काम डॉक्टरनी करं," फुई म्हणाली. "आते दत्तनं काम शे." आणि तिने नवस सांगितला.

चुनीलालने कपाळाला हात लावला. दत्तजयंतीला चांगले साडेतीन महिने होते. पण बोललेला नवस मोड, असे मोठ्या बहिणीला कसे सांगणार? तेही जमना फुईला, मगनच्या आईला? रंजनाबाई तर मनातून सुखावलीच. पोर पळाली, पडली, टाके उसवले तर, ही धास्ती तिला झोपू देत नव्हती. तिच्या भीतीला देवाचा आधार मिळाला.

मग त्या घरात जसूचे राज्य सुरू झाले. ओट्यावरून खाटेवर, खाटेवरून न्हाणीत, न्हाणीतून झोक्यावर, सगळा प्रवास कुणाच्या तरी कडेवर. फुई नसली तर मीनाबाई, मीनाबाई नसली तर सालदार गडी रेवजी. रेवजी बागेतून केळीचे घड खांद्यावर आणायचा, एकाही केळाला डाग न लागू देता, आणि पोरीलाही तसाच आणायचा. महिनाभरात जसू हाताच्या इशाऱ्याने माणसे बोलवायला शिकली. "राणी व्हई गयी ही," फुई करवादायची आणि उचलायची.

बाकी डॉक्टरांचे एकूण एक सांगणे तिने पाळले, हेही सांगितले पाहिजे. छाती मोकळी व्हावी म्हणून नर्सने पत्र्याची पिपाणी दिली होती, ती दिवसातून चार वेळा वाजवायची. त्या आवाजाने फुईचे डोके उठे, तरी वेळ झाली की तीच पिपाणी पोरीच्या तोंडाला लावी. डावा हात वर उचलायचा होता, नाहीतर खांदा आखडतो. जसू दुखते म्हणून उचलेना. फुईने झोक्याच्या दोरीला गूळ-शेंगदाण्याची पुडी बांधली आणि रोज ती बोटभर वर सरकवत गेली. दिवाळीपर्यंत जसूचा हात डोक्याच्या वर जायला लागला. भेटायला येणाऱ्या बायका व्रणाला हात लावून बघायच्या. त्यांना फुईने पहिल्याच आठवड्यात असे काही सुनावले, की पुढे त्या दारातूनच बोलून परत फिरत.

दिवाळीनंतर शहाद्याच्या डॉक्टरांना दाखवायला नेले. त्यांनी छाती तपासली आणि हसले. "सुरेख. आता उभी राहा बेटा."

जसूने फुईकडे पाहिले. फुईने खाली पाहिले. डॉक्टरांनी स्वतःच पोरीला टेबलावर उभे केले. पाय लटपटले आणि ती मटकन बसली. पोटऱ्या दाबून पाहताना डॉक्टरांचे हसू गेले. चुनीलालने सगळे सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "काळीज मुंबईवाल्यांनी दुरुस्त केलं. पाय तुम्ही बिघडवताय. अजून महिना असंच ठेवाल तर ही चालणं विसरेल."

परतीच्या वाटेवर फुई एक शब्द बोलली नाही. हे इतके नवलाचे होते, की चुनीलालने दोनदा मागे वळून पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या पोरी अंगणात लंगडी खेळत होत्या. जसू ओट्यावर बसून कोण बाद झाले ते ओरडून सांगत होती. फुई शेजारी तूर निवडत होती. डाव संपला, पोरी पांगल्या. जसू बराच वेळ आपल्या पायांकडे बघत बसली आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "फुई, मन्हा पाय आते दत्तना शेतस का?"

फुईने सूप खाली ठेवले.

"नही माय," ती म्हणाली. "तुन्हाच शेतस."

ती उठली आणि घरात गेली. पेटीतून, फडताळातून, खाटांवरून तिने होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या काढल्या आणि अंगणात एकापुढे एक अंथरल्या. नवस भुईचा होता, गोधडीचा नव्हता. देवाशी असला युक्तिवाद कुणी वकील करणार नाही, पण फुईला पुरेसा होता. "उतर," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तीन गोधड्या. दोन्ही हात फुईच्या हातात, आणि जसूने ओठ घट्ट चावलेले. चौथ्या दिवशी सात. घरच्या गोधड्या संपल्या तेव्हा मीनाबाईने आपल्या आणून दिल्या, मग समोरच्या घराने. आठ-दहा दिवसांत ओट्यापासून फाटकाजवळच्या पेरूपर्यंत रंगीबेरंगी वाट तयार झाली. फुई पुढे, उलट्या पावलांनी चालणारी, "पाय उचल, म्हशीसारखी घासू नको" असे ओरडणारी. जसू मागे, पिपाणी तोंडात.

आणि एका सकाळी पेरूखाली वासराने दावे तोडले. ते उधळले तशी जसू खदखदून हसली आणि त्याच्यामागे धावली. गोधड्यांची वाट संपली, हे तिच्या ध्यानातही आले नाही. दहा-बारा पावले ती उघड्या मातीवरून पळाली, वासराची शेपटी धरली आणि तशीच उभी राहिली. कारण मागे सगळे अंगण गप्प झाले होते.

"बाई, ती पळनी!" रंजनाबाई म्हणाली. तिला हसावे की रडावे कळेना.

फुई चालत पोरीपाशी गेली. खाली बसून तिने जसूचे तळवे पाहिले. माती लागली होती. पदराने ती पुसायला गेली आणि थांबली. पुसून काय होणार होते? तिने पोरीच्या छातीला कान लावला. आत धडधड होती, जोरात, पण सरळ. धाप नव्हती.

"नवस मी बोलेल शे, पोर नही," ती मोठ्याने म्हणाली. "दत्तले जे इचारनं व्हई, ते माले इचारी." आणि रेवजीकडे वळून, "गोधड्या उचल रे. धूळ खाई ऱ्हायन्यात."

बोलायला ती बोलली. पण पुढचे तीन आठवडे तिने कसे काढले ते तिलाच माहीत. एकवेळ जेवायची. जसू शिंकली की दचकायची. त्यातच पोरीला सर्दी झाली, अंग तापले. फुईचा चेहरा राखेसारखा झाला. दोन दिवस ती खाटेपासून हलली नाही, कुणावर ओरडली नाही. चुनीलालला लेकीच्या तापापेक्षा बहिणीच्या गप्प बसण्याची भीती वाटली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, जसूने भाकरी मागितली, आणि चूल उशिरा पेटवली म्हणून फुईने रंजनाबाईला अशी झापली, की ऐकणाऱ्या मीनाबाईला हायसे वाटले.

दत्तजयंतीला सगळे सारंगखेड्याला गेले. घोड्यांचा बाजार, पाळणे, धूळ. जसू बापाचे बोट धरून चालत होती आणि प्रत्येक घोड्यापाशी थांबत होती. गाडीत गुळाच्या पाच भेल्या होत्या, अडीच-अडीच किलोच्या. मुंबईच्या कागदावर जसूचे वजन साडेबारा किलो लिहिले होते. पितांबर गुरुजींनी ते दोनदा वाचून दाखवले होते आणि फुईने गूळ बरोबर तेवढाच घेतला होता. देवाला कमी नाही आणि वाण्याला जास्त नाही.

देवळासमोर मोठा ताजवा टांगलेला होता. पोर एका पारड्यात बसली. फुई हात जोडून उभी होती, पण डोळे मिटत नव्हती. दत्ताने आज आपला हिशेब मागितला तर तो डोळे उघडे ठेवून ऐकायचा, असे तिने ठरवले होते. चुनीलालने दुसऱ्या पारड्यात भेल्या ठेवल्या. एक, दोन, तीन, चार. पाचवी ठेवली.

जसूचे पारडे जागचे हलले नाही.

ताजवेवाल्याने दांडी तपासली, साखळी झटकली. काही अडकले नव्हते. "बाई, पोर जड शे तुन्ही," तो हसत म्हणाला. "आखो गूळ लागी."

चुनीलाल गूळ आणायला दुकानाकडे धावणार, तोच फुईने त्याचा दंड धरला. समोर जसू पारड्यात बसली होती. पारडे खाली टेकले होते, आणि पारड्याबाहेर आलेले तिचे दोन्ही पाय भुईवर होते. अंगठ्याने ती धुळीत रेघा ओढत होती.

"थांब रे चुनी," फुई म्हणाली. "जराखा तसंच ऱ्हाऊ दे. माले देखू दे."