लाल टॅग आणि तुळशीची टोपली

देवाला दिलेला शब्द मी सात महिने पाळला नव्हता, हे आधीच कबूल करून टाकतो. माझ्या पत्नीचं हृदयाचं मोठं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा पिंपरीतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या जिन्यापाशी उभं राहून मी विठ्ठलाला म्हटलं होतं, हिला सुखरूप बाहेर आण, मी इथंच सेवा करीन. ती सुखरूप बाहेर आली. घरी आली, हिंडूफिरू लागली, मला पूर्वीसारखी रागावूही लागली. आणि माझ्या मनात भलताच किडा वळवळू लागला. हिला देवानं वाचवलं की डॉक्टरांच्या हातानं? ती वाचणारच असेल, तर माझ्या नवसाचा त्यात काय संबंध? असे प्रश्न काढत बसलं की सेवा आपोआप पुढे ढकलली जाते, हे मला तेव्हाही आतून कळत होतं.

हा माझा जुनाच रोग आहे. चाकणच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं क्वालिटीत होतो. लायनीवरून आलेला पार्ट तपासायचा, खोट निघाली की त्याला लाल टॅग बांधून लाल पेटीत टाकायचा. मग खोट का आली ते शोधायला बसायचं. त्याला आम्ही व्हाय-व्हाय म्हणायचो. एकदा 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्यावर पुन्हा 'का', असं पाच वेळा, मूळ सापडेपर्यंत. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. घरात दूध उतू गेलं तरी मी व्हाय-व्हाय करतो. दर एकादशीला देहूला जायचो, इंद्रायणीच्या घाटावर हात जोडून उभा राहायचो, पण तिथंही माझं तपासणं चालूच. शेवटी एका एकादशीला परतताना बसमध्ये पत्नी म्हणाली, "अहो, नवस बोलताना नाही विचारलंत का म्हणून. फेडतानाच बरे प्रश्न सुचतात तुम्हाला." पुढच्या गुरुवारी हॉस्पिटलात जाऊन नाव नोंदवलं.

तिथल्या मुख्य सिस्टर वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण आवाजात जरब होती. त्यांनी मला पांढरा ऍप्रन दिला आणि काम एका वाक्यात सांगितलं, "काका, माणसाला हाताला धरून बरोबर दाराशी न्यायचं, बाकी काही करायचं नाही." मला हे काम फारच किरकोळ वाटलं. बाह्यरुग्ण विभागात नुसती झुंबड असायची. धाप लागलेली म्हातारी मागे आणि खाजेचं मलम न्यायला आलेला तगडा गडी पुढे. माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. तिसऱ्या गुरुवारी मी पुठ्ठ्याचे रंगीत टॅग दोरी ओवून घेऊन गेलो. लाल टॅगवाला आधी, हिरव्यावाल्यानं थांबलं तरी चालेल. अत्यवस्थ माणसाला लाल खूण करायची पद्धत हॉस्पिटलातही असतेच, त्यामुळे सिस्टरनी थोडे आढेवेढे घेऊन होकार दिला. दोन गुरुवार सगळं सुरळीत चाललं. लोक मला 'टॅगवाले काका' म्हणू लागले आणि खोटं कशाला बोलू, मी छाती फुगवून हिंडत होतो.

त्यानंतरच्या गुरुवारी एकादशी होती. दुपारी पहिली शिफ्ट सुटल्यावर एक पन्नाशीचा माणूस कंपनीच्या निळ्या शर्टातच आला. नाव बब्रुवान, मूळचा लातूरकडचा, चाकणला प्रेस शॉपमध्ये कामाला. छातीत जळजळतंय, पित्त झालं असेल म्हणाला. सिस्टरनी त्याच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि मला म्हणाल्या, यांना सगळ्यांच्या आधी घ्या, ईसीजी काढायचाय. मी त्याला बाकावर बसवलं, त्याच्या केस पेपरला लाल टॅग बांधला आणि व्हीलचेअर आणायला गेलो. त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. टॅग लावलाय म्हटल्यावर बोलायचं काय, असा माझा हिशेब.

व्हीलचेअर घेऊन आलो तर बाक रिकामा. केस पेपर तिथंच पडलेला, टॅगसकट. शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांनी टॅग उलटसुलट करून पाहिला, 'बाई, लाल लावला बघा मला,' एवढं म्हणाले आणि उठून गेले.

या पट्ट्यात कंपनीत राबलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, लाल टॅग म्हणजे काय. माल बाद. आता दुरुस्ती नाही, भंगारात जाणार. एकतीस वर्षं मी स्वतःच्या हातानं ते टॅग बांधले आणि मलाच ते आठवू नये? कामगाराच्या हातात लाल टॅग देऊन मी निघून गेलो होतो, आणि त्यानं त्याचा जो अर्थ व्हायचा तोच घेतला होता.

सिस्टरनी केस पेपरवरच्या नंबरावर फोन लावला, तो लागेना. त्या डॉक्टरांना सांगायला धावल्या आणि मी फाटकाकडे. बाहेर एका बाजूला बसथांबा, दुसऱ्या बाजूला चाकणच्या शेअर रिक्षा, सगळीकडे शिफ्ट सुटलेल्यांची गर्दी आणि त्यात निळे शर्ट शेकड्यांनी. तो रिक्षात बसून गेला असेल तर वाटेतच काही होईल, आणि ते माझ्यामुळे, एवढंच डोक्यात होतं. मी फाटकात उभा राहिलो आणि डोळे मिटले. ऑपरेशनच्या वेळी मी देवाशी बोलणी केली होती, तू हे कर, मी ते करीन. त्या दिवशी माझ्याकडे बोलणी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. "विठ्ठला, चूक माझी आहे. आता तूच सांभाळ," एवढंच तोंडून निघालं. इतकं मनापासून मी देहूच्या घाटावरही कधी काही म्हटलं नव्हतं.

डोळे उघडले तर समोर, रस्त्यापलीकडे, विठ्ठलाच्या लहानशा देवळाच्या कट्ट्यावर बब्रुवान बसलेला. मांडीवर तुळशीच्या हारांची टोपली. दोन्ही हातांनी ती धरून घामाघूम होऊन बसला होता. मी कसा रस्ता ओलांडला ते आठवत नाही. त्याच्यासमोर जाऊन म्हटलं, भाऊ, असे उठून का आलात?

"साहेब, लाल लागल्यावर कशाला बसायचं तिथं?" तो शांतपणे म्हणाला. "लाल पेटीतला माल परत लायनीवर येत नसतोय. चाकणच्या खोलीवरनं पिशवी घेऊन गावाकडं जावं म्हणलं, लेकीला बघून यावं. रिक्षात चढत होतो, तर या कट्ट्यावरच्या हारवाल्या मावशीनं ही टोपली हातात दिली. पाणी पिऊन येते म्हणल्या. त्या आल्याशिवाय कसं उठावं?"

मी त्याच्यासमोर तिथंच खाली बसलो. "भाऊ, तो माल असतो, तुम्ही माणूस आहात. इथं लाल म्हणजे सगळ्यांच्या आधी तुमचा नंबर. मी तुम्हाला सांगितलं नाही, चुकलो मी."

त्यानं विचारलं, "म्हंजी मी रिजेक्ट नाही?"

"नाही हो."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तोवर सिस्टरनी माझ्यामागे पाठवलेला वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन पोचला होता, पण हा पठ्ठ्या टोपली सोडेना. इतक्यात मावशी पाण्याची बाटली घेऊन आल्या. त्यांनी टोपली घेतली, त्यातलं तुळशीचं एक पान त्याच्या हातावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "न्या की लवकर त्यास्नी, काय बघत बसलाय?"

ईसीजीत जे दिसायचं ते दिसलं. संध्याकाळच्या आत त्याची बंद झालेली रक्तवाहिनी मोकळी केली. डॉक्टर म्हणाले, हे रिक्षात बसले असते तर चाकणपर्यंत पोचलेच असते असं सांगता येत नाही.

त्या दिवशी घरी आलो तो ऍप्रन परत द्यायचा असं ठरवूनच. पत्नीला सगळं सांगितलं, म्हटलं, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही. तिनं ऐकून घेतलं, ऍप्रन धुवायला टाकला आणि म्हणाली, "आता स्वतःला लाल टॅग लावून बसणार का? गुरुवारी वेळेवर जा." टॅगांची पिशवी मी दुसऱ्या दिवशी रद्दीत टाकली. सिस्टरनी पहिल्या दिवशी सांगितलेलं तेच काम आता करतो. माणसाचा हात धरतो, त्याला कुठं आणि कशासाठी नेतोय ते सांगतो, आणि दाराशी पोचेपर्यंत बरोबर राहतो. काम किरकोळच आहे. पण गुरुवारी घरी परतताना मन इतकं भरलेलं असतं की बसला उशीर झाला तरी मी कटकट करत नाही, याची घरी नोंद झालेली आहे.

बब्रुवान बरा झाला. त्याची लेकच गावाहून येऊन राहिली, आणि तपासणीला तो तिच्याबरोबर येतो. आला की मला लांबूनच हात करतो, "साहेब, माल ओके बरं का."

एकच गोष्ट राहिली होती. पुढच्या एकादशीला मी देवळाच्या कट्ट्यावर गेलो. मावशी हार गुंफत बसल्या होत्या. बोलता बोलता कळलं, त्या देहूजवळच्या एका वाडीतून येतात, इतकी वर्षं इथं बसतात आणि टोपली कधी कुणाच्या हाती देत नाहीत. मी विचारलं, मग मावशी, त्या दिवशी त्यालाच का दिलीत?

"तहान लागली व्हती," त्या म्हणाल्या, "आन् त्यो म्होरं दिसला. आनखी काय?"

पुढचा 'का' माझ्या ओठांवर आला होता. नेमकी तेव्हाच तहान का लागली, तोच का दिसला, मूळ सापडेपर्यंत विचारत जायची एकतीस वर्षांची सवय. मी देवळात पाहिलं. कमरेवर हात ठेवून तो उभा होता, गळ्यात मावशींच्याच हातचा हार. मी एक हार घेतला, त्याच्या पायाशी ठेवला आणि दुसरा 'का' विचारला नाही.