तोंडातला शेजार

सुनीताताई नसत्या, तर दातांबरोबर मी धीरही घालवून बसलो असतो. त्या इथे कोइमतूरला दातांच्या डॉक्टर आहेत, आपल्या विट्याकडच्याच. नववीतून शाळा सोडून मी इथे सोनं गाळायच्या कामावर आलो. खालचे दोन दात हलायला लागले, तसा घाबरून त्यांच्याकडे गेलो.

"तिथं ब्रश फिरवत नाहीस ना रे?"

"रक्त येतंय ताई. म्हणून तेवढी जागा सोडतोय."

"शहाणाच आहेस! सोडतोस म्हणूनच येतंय."

त्यांनी दातावरचं कीटण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि पडद्यावर दाखवलं. केवढी वळवळ! आधी आलेले जंतू दाताला चिकटतात, म्हणाल्या, मागून येणारे त्यांना धरून राहतात, एकाचं उरलेलं दुसऱ्याला पुरतं. थर जाड झाला की तळाशी हवा न सोसणारे वाढतात, आणि हिरडी सुजून दाताला सोडायला लागते.

इथली भाषा मला येत नाही. दिवसच्या दिवस माझं तोंड बंद असतं, आणि त्या बंद तोंडात एवढा शेजार! खरं सांगतो, दात खिळखिळे करणाऱ्या त्या जंतूंचा मला क्षणभर हेवा वाटला.

"राहतील ना दात?"

"राहतील. पण रोज घासायचे, रक्त आलं तरी."

मग दात साफ करताना त्या आपल्या भाषेत बोलत राहिल्या. आई गावी एकटीच असते, म्हणाल्या. तोंड उघडं असल्यानं मला उत्तर देता आलं नाही, ते इथे लिहून देतो. ताई, गावी आलो की आधी तुमच्या आईकडे जाईन, आणि त्या 'आता ऊठ' म्हणेपर्यंत बोलत बसेन.