तळाशी उरलेला वास

कपाट आवरताना लेकीची नेलपॉलिश काढायची बाटली सापडली. झाकण उघडलं आणि तो झणझणीत वास नाकात गेला. दर रविवारी संध्याकाळी ती मागच्या दारात बसून कापसाने नखं पुसायची, कारण सोमवारी शाळेत बाई नखं तपासायच्या.

आता ती परदेशात असते. प्रचंड तारे अवकाशातल्या ज्या ढगांत जन्मतात, त्यांचा अभ्यास करते. बाटलीचं फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं आई, त्यातलं अ‍ॅसिटोन आमच्या ढगांतही आहे! धुळीच्या कणांवर बर्फ असतो, त्यात असले रेणू अडकून बसतात. जवळ तारा तापू लागला की मोकळे होतात."

"मग वास येतो का गं?" मी विचारलं.

ती हसली. "इतक्या लांबून वास कुठला? तिथून येणाऱ्या लहरींतून पडद्यावर प्रत्येक रेणूच्या ठरावीक रेषा उमटतात, त्यांवरून ओळखायचं."

मलाही ती हल्ली पडद्यावरच दिसते.

बाटलीत जेमतेम तळ झाकेल एवढंच उरलंय, आणि उघडली की त्यातलंही थोडं उडून जातं. म्हणून झाकण घट्ट लावून ती कपाटात ठेवली. रविवारी संध्याकाळी मात्र मागच्या दारात बसले आणि पुन्हा उघडली.