धम्मदीनाने नाकारलेली सुई

दिवे मंद होतात. इंदूरच्या विजय नगरातल्या एका हॉटेलचा हॉल. पडदा नाही, पण पडद्याएवढी पांढरी भिंत आहे, आणि तिच्यावर आमच्या शेजारची धम्मदीना उजळते. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मांडीवर टांझानियातलं एक तापलेलं लेकरू. खाली लिहिलंय, ‘डॉक्टर धम्मदीना’. खुर्च्यांवर मेडिकलच्या मुलांचे आईबाप, मागे टेबलावर झाकून ठेवलेल्या कचोऱ्या. आणि डाव्या बाजूने प्रवेश करते खरी धम्मदीना, साध्या सलवार-कमीजमध्ये.

फोटो खरा होता. चार आठवडे ती तिथल्या मुलांच्या इस्पितळात सेवा करून आली होती. खोटा होता तो ‘डॉक्टर’. पोरगी अजून शेवटच्या वर्षाला शिकते आहे.

तिचे पणजोबा महूच्या छावणीत हवालदार होते. दुसऱ्याच्या हुद्द्याची फीत आपल्या बाहीवर लावणं हा त्या घरात सगळ्यात मोठा गुन्हा. तिच्या बापाचं नाव पंचशील, तो एका विमा कंपनीत नोकरीला आहे. दुसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात ताठ बसला होता.

विद्यार्थ्यांना परदेशी नेणारे सुजय सर तिला म्हणाले होते, “पाच मिनिटं छान बोल, मग स्टेजवरच सर्टिफिकेट.” पुढे बाहेर जाऊन बालरोगाचं शिकायचं, तर अर्जाला ते सर्टिफिकेट हवंच होतं. म्हणून ती माझ्याकडे बोलायला शिकायला आली. मी जन्मभर नाटकांत, टाळ्यांवर जगलेली बाई. तिच्या भाषणात टाळीच्या चार जागा मी स्वतः काढून दिल्या होत्या.

चारही तिने गाळल्या.

“नमस्ते. पहिली बात, मी डॉक्टर नाही.”

हॉलमध्ये कोणीतरी हसलं.

“दोन दिवस मी हा कोट घालून वॉर्डात फिरले. मुलांच्या आया मला ‘डाक्तारी’, म्हणजे डॉक्टर, म्हणायच्या आणि मी मान डोलवायचे. ती माझी गलती. तिसऱ्या दिवशी या बाळाच्या पाठीतून, मणक्यातून पाणी काढायचं होतं. नर्सने सुई माझ्यापुढे धरली. मी ती आजवर कोणाला टोचलेली नाही. इथे इंदूरला मला कोणी हात पण लावू देणार नाही.”

सुजय सर माइक घेऊन पुढे आले आणि इंदुरी थाटात लोकांना म्हणाले, “अरे भिया, बच्ची नर्व्हस आहे! धम्मदीना, बेटा, तिथे चान्स मिळतो म्हणूनच तर मुलं जातात.”

“हेच तर सांगतेय, सर. तुम्ही तिथे पण हेच बोलला होता.” मग ती लोकांकडे वळली. “मी नर्सला म्हटलं, आईला सांगा, मी स्टुडंट आहे. आईने बाळ झटकन माझ्यापासून ओढून घेतलं. बरोबर केलं तिने. शेजारच्या वॉर्डातले डॉक्टर आले, त्यांनी सुई लावली. मी बाळाला धरून ठेवलं. नंतरचे सगळे दिवस मी मुलांची वजनं केली. कपडे उतरवायचे, काटा शून्यावर आणायचा, मग वजन. औषध वजनावरच ठरतं. तेवढं मला नीट जमतं.”

रंगमंचावर शांतता दोन प्रकारची असते. एक, नट वाक्य विसरला की. दुसरी, प्रेक्षक श्वास विसरले की. ही दुसरी होती, आणि ती मला फार वर्षांनी ऐकायला मिळाली.

सुजय सरांनी फाईल उघडली. “बरं बरं. सर्टिफिकेट तरी घे.”

तिने ते उभ्या उभ्या वाचलं. “यात लिहिलंय, अठरा प्रोसीजर केल्या. मी एक पण केली नाही. खोडून द्या, घेते.”

“सगळ्यांना एकच छापतो आम्ही. खोडता येत नाही. घेणार की नाही?”

पंचशील खुर्चीतून अर्धा उठला. अर्जाची शेवटची तारीख त्याला पाठ होती. लेकीने त्याच्याकडे पाहिलं. दोघांत काय बोलणं झालं कोण जाणे. तो हळूच खाली बसला आणि त्याने होकारार्थी मान हलवली.

“मग राहू द्या,” धम्मदीना म्हणाली आणि कागद परत दिला.

फाईल मिटली. यंदाचा अर्जही तिच्यातच मिटला. सुजय सर कचोऱ्यांकडे हात करून “चला, नाश्ता, नाश्ता!” म्हणू लागले, पण एकही खुर्ची हलली नाही. मी मात्र उठले. गुडघे कुरकुरले, तरी उठले, आणि तिच्यासाठी उभी राहिले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एका विद्यार्थ्याची आई, शुभदाबाई, घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, “अगं, मग आमच्या प्रणवला पाठवू की नको? त्याचं तिकीट झालंय.”

“पाठवा ना, काकू,” धम्मदीना म्हणाली. “फक्त ‘मला हे येत नाही’ असं जोरात बोलायला शिकवून पाठवा.”