वानखडेभाऊंच्या आईचा फोटो

हे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. परवा एकदाचं बोलून टाकलं, घरी येऊन गाढ झोपले, आणि आता इतकं मोकळं वाटून राहिलं की तुम्हालाही सांगते.

जबलपुरात माझ्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. काळ्या-पांढऱ्या फोटोंत हातानं रंग भरायचं काम पुढे माझ्याकडे आलं. लोक म्हणायचे, ही तर कला आहे. मीही मिरवायची — फोटो काय, यंत्र काढतं, जीव मी ओतते.

खमरियाच्या कारखान्यातले वानखडेभाऊ एकदा आईचा फोटो घेऊन आले. आजोबांनीच काढलेला, एकुलता एक. आई गेली तेव्हा भाऊ अगदी तान्हे. मोठा करून रंगवून द्या, म्हणाले. फोटो वर्षानुवर्षं पेटीत पडलेला; चेहऱ्यावर इतकी बुरशी चढली होती की भाऊंनाही तो कधी नीट दिसला नव्हता. ती कोरड्या ब्रशनं झटकायची, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण घाई — मी ओला कापूस फिरवला, आणि कापसासोबत चेहराच निघून आला.

तेव्हाच सांगायचं ना? काहून नाही सांगितलं? भ्याले. आपलं नाव खराब होईल म्हणून भ्याले. मग आजोबांच्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह धुंडाळल्या; भाऊंच्या आईची सापडली नाही, तेव्हा दुसरीच एक बाई काढली — कोण होती, देव जाणे. खुर्ची तीच, मागचा तळ्याचा पडदा तोच, नऊवारी तशीच. आजोबा सगळ्या बायकांना एकसारखंच बसवायचे. मी तिला मोठी केली, लुगड्याला हिरवा रंग दिला, कपाळावर कुंकू रेखलं.

भाऊ फोटोसमोर रडले. आई आता बोलेल, म्हणाले. तेव्हापासून दर पितृपक्षात त्या परक्या बाईला हार घालून राहिले, आणि मला आग्रहानं जेवू घालून राहिले. मी जेवले. दरवर्षी जेवले.

परवा त्यांची नात फोटोशेजारी उभी राहून म्हणाली, मेरी नाक परदादी पे गई है ना? भाऊ कौतुकानं हसले. मला ते सहन झालं नाही. ती आत गेल्यावर मी सगळं सांगितलं.

ते चिडले नाहीत. उठून फोटोजवळ गेले. मग एवढंच विचारलं, "दीदी, तुम्ही तर तिला पाहिलं होतं. कशी दिसायची?"

पाहिलं होतं — भिंग लावून, कितीतरी वेळ. पण मी बुरशीचे डागच पाहत होते. चेहरा मला आठवत नाही. तसंच त्यांना सांगितलं.