पाण्याआधीचा दोन

दुपारचं जेवण अंगावर आलं आहे. उद्या दहावीच्या वर्गावर माझा पहिला तास, समीकरणं संतुलित करण्याचा, आणि तोही अण्णांच्याच शाळेत. अख्खं गाव बघणार, बागूल सरांची मुलगी बापासारखं शिकवते का. मला धास्ती वाटते आहे. डोळे मिटतात न मिटतात तोच खाटेच्या पायथ्याशी अण्णा बसलेले दिसतात, इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांना जाऊन वर्ष झालं, पण मला नवल वाटत नाही. तपासणीला आलेत, एवढंच कळतं.

"लिही बघू, पाणी कसं होतं."

समोरची भिंत फळा झाली आहे. हायड्रोजन, ऑक्सिजन, बाण, पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एकच. मी घाईनं पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या खाली बारीक दोन लिहून मोकळी होते.

"आण एक पेला प्यायला," अण्णा म्हणतात.

"का?"

"जखम धुवायचं औषध केलंस त्याचं, हायड्रोजन पेरॉक्साइड. आकडे जुळवायला निघालीस आणि पाणीच घालवलंस."

मी खालचा दोन पुसते. पाण्याच्या आधी मोठा दोन लिहिते, मग हायड्रोजनच्या आधीही.

आता फळा नाही. आम्ही कांदा मार्केटच्या वजनकाट्याशी आहोत आणि यार्डभर नदीची वाळू आहे. अण्णा काट्यावर उभे राहतात. काटा हलत नाही.

"एवढा धिप्पाड मी, आणि तुम्ही मडकंभर राख घेऊन आलात. बाकीचा कुठं गेलो? उद्या एखादी पोर हेच विचारेल."

हे मला येतं.

"हरवलं काहीच नाही, अण्णा. जळताना तुम्ही हवेतला ऑक्सिजन घेतलात. वाफ झाली, कार्बन डायऑक्साइड झाला, तो वाऱ्यावर गेला. आम्ही फक्त राख बघितली. आधीपासून हवेसकट सगळं झाकणाखाली धरता आलं असतं, तर जळण्याआधीचं आणि नंतरचं वजन सारखंच भरलं असतं."

अण्णा खाली उतरतात. जन्मभर 'ठीक आहे'च्या पुढं न गेलेला माणूस.

"मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं," ते म्हणतात.

अभिमानानं माझा ऊर भरून येतो, आणि मी तो लपवत नाही. ते माझा हात ओढून घेतात. थंडीत लाल पेन सापडलं नाही की पोरांच्या हातावर करायचे, तशी कोरड्या कातडीवर नखानं बरोबरची खूण करतात.

जाग येते. मनगटावर पांढरी खूण उमटली आहे. माझ्या बाजूनं ती उलटी दिसते, कुणीतरी समोर बसून केल्यासारखी.